स्क्रब टायफस

स्क्रब टायफस हा ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी या जिवाणूमुळे होणारा तीव्र तापाचा आजार आहे. हा प्राणिजन्य रोग असून उंदीर, घुशी, चिचुंद्री अशा लहान प्राण्यांच्या अंगावर वाढणाऱ्या चिगर नावाच्या अतिसूक्ष्म माइटच्या चाव्यातून तो माणसाला होतो. माणसाकडून माणसाकडे तो पसरत नाही. आशिया व पॅसिफिक प्रदेशात त्याचे प्रमाण सर्वाधिक आहे. महाराष्ट्रात विदर्भ हा त्याचा एक परिचित प्रदेश असून २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व परिसरात त्याचा मोठा उद्रेक झाला होता.

हा आजार स्वस्त व सर्वत्र मिळणाऱ्या प्रतिजैविकांनी बरा होतो. मात्र ती वेळेवर सुरू होणे आवश्यक असते. सुरुवातीची लक्षणे मलेरिया, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस किंवा विषमज्वरासारखी असल्यामुळे निदानाला उशीर होतो आणि बहुतेक मृत्यू या उशिरामुळे घडतात.

नाव

‘स्क्रब’ या शब्दाचा अर्थ खुरटी झुडपे व गवत माजलेली जमीन असा आहे. रोगवाहक माइट अशा जमिनीत आढळतात, म्हणून हे नाव पडले. पूर्व विदर्भाच्या महसुली नोंदींत अशा जमिनीसाठी ‘झुडपी जंगल’ ही संज्ञा आहे. ‘टायफस’ हा शब्द धूर किंवा धुंदी या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला असून तो तापात येणाऱ्या ग्लानीचा निदर्शक आहे. ‘त्सुत्सुगामुशी’ हे जपानी नाव ‘त्सुत्सुगा’ म्हणजे आजार किंवा अपाय आणि ‘मुशी’ म्हणजे किडा या दोन शब्दांपासून बनले आहे.

टायफस आणि टायफॉइड हे दोन वेगळे रोग आहेत. टायफॉइड म्हणजे विषमज्वर. तो साल्मोनेला टायफी या जिवाणूमुळे होतो व दूषित अन्न-पाण्यातून पसरतो. नावांतील साधर्म्यामुळे या दोन रोगांची नेहमी गल्लत होते. दोन्हींचा प्रसार आणि उपचार भिन्न असल्यामुळे ही गल्लत रुग्णाच्या दृष्टीने धोकादायक ठरू शकते.

इतिहास

या आजाराशी जुळणारे वर्णन चौथ्या शतकातील चिनी वैद्य गे हाँग यांच्या लेखनात आढळते. जपानमध्ये निइगाता परिसरातील नद्यांच्या पूरमैदानात काम करणाऱ्या शेतकऱ्यांना दरवर्षी होणारा हा ताप हाशिमोतो हाकुजू यांनी १८१० मध्ये नोंदवला. १८७९ मध्ये बेल्त्स व कावाकामी यांनी त्याचे ‘जपानी पूरज्वर’ या नावाने वर्णन केले. १९३० च्या सुमारास जपानी संशोधकांनी कारक जिवाणू वेगळा केला. सुरुवातीला त्याचा समावेश रिकेट्सिया या प्रजातीत होता. १९९५ मध्ये त्याच्यासाठी ओरिएन्शिया ही स्वतंत्र प्रजाती करण्यात आली.

दुसऱ्या महायुद्धात आसाम–ब्रह्मदेश आघाडीवर आणि पॅसिफिक बेटांवर लढणाऱ्या हजारो सैनिकांना स्क्रब टायफस झाला. त्या वेळी त्यावर परिणामकारक औषध नव्हते. १९४८ मध्ये जोसेफ स्मॅडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मलायात क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाने हा रोग बरा होतो हे दाखवून दिले. पुढे टेट्रासायक्लिन गटातील औषधे उपलब्ध झाली. त्यांचा व कीटकनाशकांचा वापर वाढल्यानंतर काही दशके भारतातील वैद्यकीय चर्चेत हा रोग मागे पडला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी हिमाचल प्रदेशासह अनेक राज्यांतून तो पुन्हा नोंदवला जाऊ लागला.

कारक जिवाणू

ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी हा केवळ सजीव पेशीच्या आतच वाढू शकणारा जिवाणू आहे. प्रयोगशाळेतील नेहमीच्या माध्यमावर त्याची वाढ होत नाही, त्यामुळे सर्वसाधारण रक्तसंवर्धन चाचणीत तो सापडत नाही. मानवी शरीरात तो मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशींवर आणि काही पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो. लहान रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्यांतून द्रव पाझरू लागतो. फुप्फुस, मेंदू, यकृत, मूत्रपिंड व हृदय असे अनेक अवयव एकाच वेळी बाधित होण्याचे कारण हेच आहे.

या जिवाणूचे कार्प, गिलियम, काटो असे अनेक प्रकार आहेत. एका प्रकाराच्या संसर्गानंतर निर्माण झालेली प्रतिकारशक्ती इतर प्रकारांपासून दीर्घकाळ संरक्षण देत नाही. त्यामुळे एकाच व्यक्तीला हा रोग पुन्हा होऊ शकतो, आणि आजवर त्यावर लस उपलब्ध होऊ शकलेली नाही.

वाहक आणि संक्रमण

चिगर ही ट्रॉम्बिक्युलिडे कुळातील माइटची अळी होय. माइट हे कीटक नसून कोळी व गोचीड यांच्या वर्गातील जीव आहेत. भारतात लेप्टोट्रॉम्बिडियम डेलिएन्से ही जाती प्रमुख वाहक मानली जाते. अळी सुमारे ०.२ मिलिमीटर लांब, सहा पायांची व नारिंगी-लाल रंगाची असते. नुसत्या डोळ्यांनी ती सहज दिसत नाही.

माइटच्या जीवनक्रमात फक्त अळीची अवस्था परजीवी असते. अळी गवताच्या किंवा पालापाचोळ्याच्या टोकाशी थांबते आणि जवळून जाणाऱ्या प्राण्याच्या अंगावर चढते. ती रक्त शोषत नाही, तर त्वचेत लाळ सोडून विरघळलेल्या पेशींचा रस शोषते. हे पोषण काही दिवस चालते व साधारणतः आयुष्यात एकदाच होते. नंतर ती जमिनीवर पडते. पुढील अवस्थांतील माइट मातीत राहून लहान कीटकांची अंडी व तत्सम अन्न खातात आणि माणसाला चावत नाहीत.

बाधित मादीच्या अंड्यांतून जिवाणू पुढच्या पिढीत उतरतो. म्हणून माइट हा या रोगाचा वाहकही आहे आणि मुख्य साठाही. उंदरांमुळे माइटला अन्न मिळते व नव्या जागी पोहोचता येते. उंदरांची संख्या वाढली की त्या भागातील चिगरही वाढतात. माणूस या चक्रात अपघाताने येतो.

पहिल्या पावसानंतर शेतात दिसणारा मखमली लाल रंगाचा मृगाचा किडा हाही माइटच आहे आणि तो चिगरचा दूरचा नातेवाईक आहे. मात्र तो वेगळ्या कुळातील असून स्क्रब टायफस पसरवत नाही.

लक्षणे

चाव्यानंतर साधारणतः ६ ते २१ दिवसांनी लक्षणे सुरू होतात. चिगरचा चावा बहुधा जाणवत नाही, त्यामुळे रुग्णाला तो आठवत नाही. सुरुवातीला पुढील लक्षणे आढळतात :

• थंडी वाजून येणारा तीव्र ताप
• तीव्र डोकेदुखी व अंगदुखी
• डोळे लाल होणे
• मळमळ, उलटी, पोटदुखी
• कोरडा खोकला
• लसिका ग्रंथी सुजणे
• काही रुग्णांत छाती-पोटावर फिकट पुरळ

खपली

चाव्याच्या जागी होणारी काळी खपली हे या रोगाचे सर्वांत उपयुक्त चिन्ह आहे. प्रथम लहान फोड येतो, तो फुटून त्या जागी व्रण होतो आणि त्यावर काळी खपली धरते. भोवती लालसर कडा असते. ही जखम सिगारेटच्या चटक्यासारखी दिसते. ती दुखत नाही, खाजतही नाही. काख, जांघ, कंबर, स्तनांखालची त्वचा, गुप्तांगाचा परिसर, गुडघ्यामागील भाग अशा झाकलेल्या व दमट जागी ती अधिक आढळते. त्यामुळे रुग्णाच्या ती लक्षातच येत नाही, आणि संकोचामुळे अनेकदा अशा जागांची तपासणीही होत नाही. संशयित रुग्णाची तपासणी संपूर्ण शरीराची असावी, यावर वैद्यकीय मार्गदर्शनात भर दिला जातो. खपली सर्व रुग्णांत नसते. तिचे प्रमाण प्रदेशागणिक व अभ्यासागणिक बरेच बदलते. खपली नाही म्हणून स्क्रब टायफस नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

गुंतागुंत

उपचार न मिळाल्यास साधारणतः दुसऱ्या आठवड्यात आजार गंभीर वळण घेऊ शकतो. न्यूमोनिया व तीव्र श्वसनावरोध, मेंदू व मेंदूच्या आवरणाचा दाह, हृदयाच्या स्नायूंचा दाह, कावीळ, मूत्रपिंडे निकामी होणे, रक्तदाब घसरणे व अनेक अवयव एकाच वेळी निकामी होणे या प्रमुख गुंतागुंती होत. गर्भवतींमध्ये गर्भपात, अकाली प्रसूती किंवा गर्भमृत्यूचा धोका वाढतो.

प्रकाशित अभ्यासांच्या २०१५ मधील आढाव्यात उपचार न झालेल्या रुग्णांतील मृत्यूदराचा मध्यांक ६ टक्के आढळला. वेगवेगळ्या अभ्यासांतील आकडे ० ते ७० टक्के इतके पसरलेले होते. उपचार झालेल्या रुग्णांबाबतच्या २०१७ मधील आढाव्यात हा मध्यांक १.४ टक्के होता.

निदान

नेहमीच्या रक्ततपासणीत बिंबाणू अर्थात प्लेटलेट कमी होणे आणि यकृतातील विकरे वाढणे हे बदल आढळतात. डेंग्यूमध्येही हेच दिसत असल्याने केवळ प्लेटलेटच्या आकड्यावरून निदान करता येत नाही. निश्चितीसाठी पुढील चाचण्या वापरल्या जातात :

• आयजीएम एलायझा : रक्तातील प्रतिपिंडे शोधणारी, सध्या सर्वाधिक वापरली जाणारी चाचणी. प्रतिपिंडे तयार होण्यास काही दिवस लागत असल्याने पहिल्या काही दिवसांत ती नकारात्मक येऊ शकते.
• इम्युनोफ्लुरोसन्स चाचणी : प्रतिपिंड चाचण्यांतील प्रमाण मानली जाते, मात्र ती खर्चीक असून मोजक्याच प्रयोगशाळांत होते.
• पीसीआर : रक्तातील किंवा खपलीतील जिवाणूचा जनुकीय अंश शोधते. आजाराच्या सुरुवातीच्या दिवसांत विशेष उपयुक्त.
• वाइल–फेलिक्स चाचणी : जुनी व स्वस्त चाचणी. प्रोटियस जिवाणूच्या ओएक्स-के प्रकाराशी होणाऱ्या गुठळीकरणावर ती आधारित आहे. तिची संवेदनशीलता कमी आहे, परंतु इतर सोय नसलेल्या ठिकाणी ती अजूनही केली जाते.

विषमज्वरासाठी केली जाणारी विडाल चाचणी स्क्रब टायफस ओळखू शकत नाही. ती इतर तापांतही काही वेळा सकारात्मक येते. अशा वेळी रुग्णावर विषमज्वराचा उपचार सुरू होऊन मूळ आजार तसाच राहण्याची शक्यता असते.

उपचार

डॉक्सिसायक्लिन हे पहिल्या पसंतीचे औषध आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व आरोग्य संशोधन विभाग यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांना दिवसाला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन दोन भागांत विभागून ७ दिवस दिले जाते. पर्याय म्हणून अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम दररोज एकदा याप्रमाणे ५ दिवस दिले जाते. गर्भवतींसाठी याच औषधाची शिफारस आहे. मुलांसाठी मात्रा वजनानुसार ठरते. ही सर्व औषधे वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावयाची असतात.

५ किंवा अधिक दिवस ताप असून मलेरिया, डेंग्यू व विषमज्वर नसल्याचे दिसून आले आणि स्क्रब टायफसची शक्यता वाटली, तर प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावेत, हा या सूचनांचा गाभा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातही हा उपचार सुरू करता येतो.

योग्य औषध सुरू झाल्यानंतर बहुतेक रुग्णांचा ताप ४८ तासांत उतरतो. असा झटपट प्रतिसाद निदानालाही दुजोरा देतो. उलट पेनिसिलिन गटातील औषधे आणि सेफ्ट्रिअॅक्सोनसारखी सेफॅलोस्पोरिन औषधे या जिवाणूवर निरुपयोगी आहेत. न्यूमोनिया किंवा विषमज्वर समजून केवळ हीच औषधे दिल्यास रुग्णाचे महत्त्वाचे दिवस वाया जातात.

गंभीर रुग्णांबाबत भारतातील ७ केंद्रांमध्ये झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ७९४ रुग्णांच्या या अभ्यासात शिरेतून डॉक्सिसायक्लिन व अझिथ्रोमायसिन एकत्र देणे हे त्यांपैकी एकच औषध देण्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरले. मृत्यू, सातव्या दिवशीही टिकून राहिलेली गुंतागुंत किंवा पाचव्या दिवशीही असलेला ताप यांचे एकत्रित प्रमाण दोन्ही औषधे दिलेल्या गटात ३३ टक्के होते. केवळ डॉक्सिसायक्लिनच्या गटात ते ४७ टक्के आणि केवळ अझिथ्रोमायसिनच्या गटात ४८ टक्के होते.

प्रतिबंध

लस नसल्यामुळे चिगरचा चावा टाळणे हाच प्रतिबंधाचा मार्ग आहे.

• शेतात, गवतात किंवा जंगलात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे व पाय झाकणारी पादत्राणे वापरणे.
• उघड्या त्वचेवर डीट असलेले कीटकरोधक मलम लावणे.
• गवतावर किंवा झुडपांजवळ थेट न बसणे, न झोपणे; कपडे झुडपांवर वाळत न घालणे.
• कामावरून परतल्यावर साबणाने अंघोळ करून कपडे गरम पाण्यात धुणे.
• घराभोवतीचे गवत व झुडपे काढून टाकणे. जळाऊ लाकूड व कडब्याच्या गंजी राहत्या जागेपासून दूर ठेवणे.
• धान्य बंदिस्त ठेवून व कचऱ्याची विल्हेवाट लावून उंदरांचा उपद्रव कमी करणे.

प्रसार

उत्तरेस जपान व रशियाचा अतिपूर्व भाग, दक्षिणेस उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पश्चिमेस पाकिस्तान व अफगाणिस्तान यांच्या दरम्यानचा प्रदेश ‘त्सुत्सुगामुशी त्रिकोण’ म्हणून ओळखला जातो. या प्रदेशात सुमारे १०० कोटी लोकांना या रोगाचा धोका असून दरवर्षी सुमारे १० लाख रुग्ण होत असावेत, असा अंदाज वर्षानुवर्षे उद्धृत केला जातो. एकविसाव्या शतकात चिली व संयुक्त अरब अमिराती येथेही ओरिएन्शियाचे संसर्ग आढळल्याने हा रोग त्रिकोणापुरता मर्यादित नसल्याचे स्पष्ट झाले.

भारतात हिमालयाच्या पायथ्याचा प्रदेश, ईशान्य भारत, तमिळनाडू, आंध्र प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश व महाराष्ट्र अशा अनेक भागांत तो आढळतो. उत्तर प्रदेशातील गोरखपूर परिसरात मुलांमध्ये दरवर्षी येणाऱ्या तीव्र मेंदूज्वराच्या साथीमागे स्क्रब टायफसचा मोठा वाटा असल्याचे भारतीय संशोधकांनी दाखवून दिले. अनेक वर्षे ही साथ प्रामुख्याने जपानी मेंदूज्वराची मानली जात होती. या संशोधनानंतर तापाच्या सुरुवातीलाच योग्य प्रतिजैविक देण्यावर तेथे भर देण्यात आला.

विदर्भ

अकोला येथील बालरोगतज्ज्ञांनी मध्य भारतातील मुलांमध्ये आढळणाऱ्या रिकेट्सियल तापांचा अभ्यास केला व त्यांपैकी ठिपक्यांचा ताप लवकर ओळखण्यासाठी गुणांकन पद्धती सुचवली. हा अभ्यास २०११ मध्ये ‘इंडियन पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ठिपक्यांचा ताप गोचिडांमुळे पसरतो आणि तो स्क्रब टायफसहून वेगळा आहे. मात्र दोन्हींवर डॉक्सिसायक्लिन हेच मुख्य औषध आहे.

ऑगस्ट २०१८ पासून नागपूर जिल्हा व परिसरात स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळू लागले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विदर्भातील, तसेच लगतच्या मध्य प्रदेशातील रुग्ण दाखल झाले आणि काहींचा मृत्यू झाला. तोपर्यंत सर्वसामान्य लोकांना फारसे ठाऊक नसलेले या रोगाचे नाव या उद्रेकामुळे विदर्भात परिचित झाले.

यवतमाळ जिल्हा

यवतमाळ जिल्हा विदर्भाच्या दक्षिण भागात असून त्याच्या ईशान्य सीमेवरून वर्धा आणि दक्षिण सीमेवरून पैनगंगा नदी वाहते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ आहे. बहुसंख्य लोक ग्रामीण भागात राहतात. कापूस, सोयाबीन व तूर ही प्रमुख पिके आहेत. सागाची जंगले, टिपेश्वर व पैनगंगा ही अभयारण्ये आणि त्यांच्या कडेने पसरलेली शेती असा येथील भूभाग आहे. जंगल व शेत जिथे भेटतात, तो झुडपांचा पट्टा चिगर व उंदीर दोघांनाही अनुकूल असतो.

रोगाचा हंगाम आणि जिल्ह्यातील शेतीकामाचा हंगाम एकाच वेळी येतात. मध्य भारतात रुग्णांचे प्रमाण साधारणतः ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत अधिक असते. याच काळात निंदण, धुऱ्यावरचे गवत कापणे, सोयाबीनची सोंगणी आणि त्यापुढे कापसाची वेचणी चालते. निंदण व वेचणी ही प्रामुख्याने स्त्रियांची कामे असून ती वाकून किंवा बसून, पिकाच्या व गवताच्या थेट संपर्कात करावी लागतात. गुराखी, गवताचे भारे वाहणारे मजूर आणि जंगलाशी निगडित उपजीविका असलेले कोलाम, गोंड व आंध समाजांतील लोक हेही अशाच संपर्कात येतात. उघड्यावर शौचास जाणे हाही भारतीय अभ्यासांत आढळलेला एक धोका-घटक आहे.

मलेरिया, डेंग्यू व लेप्टोस्पायरोसिस यांचा हंगामही साधारण हाच असतो. त्यामुळे शेतकरी किंवा शेतमजुराचा ताप पाच दिवसांत उतरला नाही, तर शेतातील कामाचा इतिहास विचारणे व खपलीचा शोध घेणे या दोन बिनखर्चाच्या गोष्टींना विशेष महत्त्व येते. जिल्ह्यातील गंभीर रुग्णांसाठी यवतमाळ येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे प्रमुख रुग्णालय आहे. परंतु डॉक्सिसायक्लिन ही गोळी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर देता येते. दूरच्या पोडांवरील व तांड्यांवरील रुग्णांच्या दृष्टीने हा पहिला टप्पा निर्णायक असतो.

तत्सम रोग

• टुलारेमिया : फ्रान्सिसेला टुलारेन्सिस या जिवाणूमुळे होणारा प्राणिजन्य रोग. ससे व कृंतक प्राणी, गोचिडी आणि दूषित पाणी यांतून तो माणसाला होतो. यातही चाव्याच्या जागी व्रण व लसिका ग्रंथींची सूज आढळते. मात्र तो उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण प्रदेशातील रोग आहे.
• प्लेग : उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात ग्रंथिक प्लेगचे रुग्ण नोंदवले गेले होते.
• लेप्टोस्पायरोसिस : उंदीर व गुरांच्या मूत्राने दूषित पाणी किंवा चिखलातून होतो. डॉक्सिसायक्लिन त्यावरही उपयुक्त आहे.
• क्यासनूर वन ज्वर : गोचिडांमुळे पसरणारा विषाणूजन्य ताप. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यात आढळतो. विषाणूजन्य असल्याने त्यावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही.

हे सुद्धा पहा

• विषमज्वर
• डेंग्यू
• जपानी मेंदूज्वर
• यवतमाळ जिल्हा